वजनाचं ऑपरेशन करू का? पुण्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

मी पुण्यात आहारतज्ज्ञ आहे. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेच्या, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनच्या, आधी आणि नंतर लोक माझ्यासमोर येऊन बसतात. हातात फाइल, शेजारी नवरा, बायको नाहीतर आई. ऑपरेशन मी करत नाही, त्यामुळे ‘करा’ किंवा ‘करू नका’ हे सांगणं माझं काम नाही. नंतर घरात काय काय बदलतं ते मात्र मी रोज बघते. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, अडचणीचे पुढे.

१. यात पोटावरची चरबी काढून टाकतात ना?

नाही. चरबी ओढून काढतात ती लायपोसक्शन. तिने आकार थोडा बदलतो, पण साखर, रक्तदाब, घोरणं जिथल्या तिथे राहतं. वजनाच्या ऑपरेशनमध्ये चरबीला हातही लावत नाहीत. जठर लहान करतात आणि काही प्रकारांत अन्नाचा आतड्यातला रस्ता बदलतात. सगळं दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांमधून होतं. साधारण दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. बसून करायचं काम असेल तर बहुतेक जण दोन-तीन आठवड्यांत ऑफिसला जातात, पण गॅसची टाकी आणि पाण्याची बादली दीड महिना दुसऱ्याने उचलायची.

२. वजन किती असलं की हे ऑपरेशन करतात?

नुसतं वजन बघत नाहीत, बीएमआय बघतात: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९२ किलो असेल तर ९२ भागिले २.५६, म्हणजे जवळपास ३६.

१९९१ पासून चालत आलेला अमेरिकी निकष असा होता: बीएमआय ४० च्या पुढे, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत वजनामुळे आलेला आजार. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या पुढे आजार असो नसो, ऑपरेशनची शिफारस आहे. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करावा, आणि आशियाई लोकांसाठी हीच रेषा २७.५ पर्यंत खाली आणावी, असं त्यांचं म्हणणं आहे.

आपल्यासाठी रेषा खाली का, याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण पुण्याचंच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आत चरबी, अशी आपली ठेवण. म्हणून कमी बीएमआयलाही आपल्याकडे साखर वाढते.

तरी २७.५ चा आकडा दिसला की लगेच तारीख घ्यायची, असं नाही. आणि विमा कंपन्या अजून जुन्याच आकड्यांवर अडून आहेत, ते प्रश्न ७ मध्ये.

३. स्लीव्ह, बायपास, मिनी बायपास... यातलं चांगलं कोणतं?

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भुकेचा घ्रेलिन हा हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतो, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. बायपासमध्ये वर ३० मिलीच्या आसपासची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो.

निवड कशावरून? पहिला प्रश्न ॲसिडिटीचा. रात्री डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपावं लागत असेल, घशाशी आंबट येत असेल, तर स्लीव्हनंतर ते वाढू शकतं. अशा वेळी बायपासकडे कल असतो. एंडोस्कोपी आधी करतात ती यासाठीच. जुना मधुमेह असेल तरी बायपासचं पारडं जड. उलट सांधेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं लागणार असतील तर बायपासनंतर त्या अल्सर करतात, मग स्लीव्ह बरी. शेजारच्या काकूंना काय मानवलं यावरून तुमचा प्रकार ठरत नाही. डॉक्टर एकच प्रकार सगळ्यांना सुचवत असतील तर ‘मला हाच का?’ हे विचाराच.

४. डाएट आणि व्यायामाने होत नाही म्हणजे माझीच इच्छाशक्ती कमी आहे का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, नवरा पार्किंगमधून वर यायच्या आत. नाही, तसं नाही. वजन उतरलं की शरीर घाबरतं: भुकेचे हार्मोन वाढतात, बसल्या जागी जळणारी ऊर्जा कमी होते आणि हे बरेच महिने टिकतं. दहा किलो घालवून बारा परत आलेली माणसं माझ्याकडे रांगेने आहेत. त्यात रोज पहाटे पर्वती चढणारेही आहेत. ऑपरेशन हा आळशी माणसाचा मार्ग, असं म्हणणाऱ्याने पहिला महिना काढून दाखवावा.

तरीही नीट आखलेला आहार, चालणं आणि औषधं यांना प्रामाणिक संधी दिलेली असावी. ‘सकाळी लिंबू-मध घेतलं’ हे त्यात धरत नाही.

५. आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत. मग पोट कशाला कापायचं?

रास्त प्रश्न. मौन्जारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं आणि वेगोवी जून २०२५ मध्ये. मोठ्या चाचण्यांत वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, तर मौन्जारोतल्या टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. ऑपरेशनने साधारण २५ ते ३० टक्के उतरतं. १२० किलोच्या माणसाला हा फरक १८, २४ आणि ३० ते ३६ किलो असा दिसेल.

पण खरा फरक पुढे आहे. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग परत आला. म्हणजे इंजेक्शन घ्यायचं तर वर्षानुवर्षं घ्यायची तयारी हवी. महिन्याचा खर्च गुणिले बारा गुणिले दहा करून बघा. बीएमआय ३० च्या आसपास असेल तर मी आधी इंजेक्शनाबद्दल बोलून यायला सांगते. ४५ असेल तर एकट्या इंजेक्शनावर भिस्त ठेवायला माझं मन धजत नाही. काही जणांना दोन्ही लागतं: आधी इंजेक्शन, मग ऑपरेशन, किंवा उलट.

६. डायबेटिस कायमचा जातो का?

‘जातो’ म्हणू नका, ‘शांत होतो’ म्हणा. वजन उतरायच्या आधीच, कधी कधी पहिल्या आठवड्यातच साखर खाली येते, कारण आतड्यातले हार्मोन बदलतात. मधुमेह पाच वर्षांच्या आतला आणि नुसत्या गोळ्यांवर असेल तर गोळ्या सुटण्याची शक्यता चांगली. वीस वर्षं जुना आणि इन्सुलिनवर असेल तर डोस कमी होतील, पण पूर्ण सुटका अवघड. स्वादुपिंडात किती जीव उरलाय याचा अंदाज सी-पेप्टाइड तपासणीतून येतो.

ऑपरेशननंतर जुन्याच डोसने गोळ्या चालू ठेवल्या तर साखर एकदम पडते. डिस्चार्जच्या कागदावर नवा डोस लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

७. खर्च किती? मेडिक्लेम मिळतो का?

खर्च काही लाखांत जातो आणि तो हॉस्पिटल, खोली आणि ऑपरेशनचा प्रकार यांवर हलतो. ‘पॅकेज’ हा शब्द ऐकला की त्यात काय काय नाही ते विचारा. जठर शिवण्यासाठी जो स्टेपलर वापरतात त्याची काडतुसं महाग असतात. ती धरली आहेत का, आणि जास्त लागली तर कोण भरणार? माझ्या एका नात्यातल्या माणसाचं बिल याच एका ओळीवर फुगलं होतं आणि डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर उभं राहून वाद घालण्याची ताकद कोणातच नव्हती.

मेडिक्लेमबद्दल आयआरडीएआयचा (विम्यावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ठरलेला मजकूर बहुतेक पॉलिसींत सारखाच असतो. वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त. किंवा मग ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत यांपैकी एक: हृदयाच्या स्नायूंचा वजनामुळे झालेला आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. आणि साधे उपाय करून थकल्याची नोंद. इथेच लोक अडकतात. डाएट केलेलं असतं, कागद नसतो. जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी, स्लीप स्टडी, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सगळं फाइलला लावा. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर नियम वेगळे असू शकतात, एचआरला विचारा. प्रतीक्षा कालावधी संपलाय का तेही बघा. मंजुरी लेखी येईपर्यंत ॲडमिट होऊ नका.

८. जिवाला धोका किती?

चांगल्या केंद्रांत मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास. शून्य नाही, आणि शून्य म्हणणाऱ्या डॉक्टरपासून उठून यावं. दोन गोष्टींची भीती असते: टाक्यांतून गळती, जी साधारण शंभरात एकाला होते, आणि पायात रक्ताची गुठळी. त्याच संध्याकाळी उठवून चालायला लावतात ते गुठळीसाठी.

घरी आल्यावर नाडी १२० च्या वर, ताप, खांद्यात किंवा पोटात वाढती कळ, थांबेना अशी उलटी यांपैकी काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. उलट्या बरेच दिवस चालल्या तर व्हिटॅमिन बी-वन कमी होऊन डोकं आणि डोळे यांवर परिणाम होतो. ‘नवीन पोट आहे, होत असेल’ म्हणत घरी बसलेल्यांना मी पाहिलंय, म्हणून हे ठासून लिहिते.

पुढच्या महिन्यांत वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे होऊ शकतात. त्यासाठी अनेक डॉक्टर सहा महिने गोळी देतात.

९. आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात हे खरं का?

खरं. मल्टिव्हिटॅमिन, बी-ट्वेल्व्ह, लोह, डी-थ्री आणि कॅल्शियम. कॅल्शियम शक्यतो सायट्रेट, दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, मध्ये दोन तास. लोहाच्या गोळीवर चहा तर मुळीच नको, आणि पुण्यात हे पाळणं सोपं नाही. शिवाय रक्ततपासणी पहिल्या वर्षी दर तीन-सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी.

बी-ट्वेल्व्ह संपायला वेळ लागतो, म्हणून गोळ्या सोडल्यावर वर्ष-दोन वर्षं काही होत नाही. मग पायाला मुंग्या येतात. तुम्ही सुरू केलेला अँटिबायोटिकचा कोर्सही अर्धवट सोडणारे असाल, तर या मुद्द्यावर थांबून विचार करा. या यादीतलं सगळ्यांत मोठं ‘नको’चं कारण मला हेच वाटतं.

१०. नंतर नीट जेवता येतं का? पुरणपोळी, मिसळ वगैरे?

सुरुवात ३० मिलीपासून होते. म्हणजे दोन मोठे चमचे पाणी, पंधरा मिनिटांत, घोट घोट. पहिले दोन आठवडे पातळ: ताक, वरणाचं पाणी, सूप, प्रोटीनची पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. महिना-दीड महिन्यात तुम्ही घरच्यांच्या ताटाशी येता, पण वाटी लहान.

नियम तीन. प्रथिनं आधी: वरण, पनीर, अंडं, मासा, भात-पोळी उरलेल्या जागेत. घास एवढा चावायचा की गिळताना त्याचं पेज झालेलं असावं. आणि जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. हा तिसरा नियम लोकांना सर्वांत छळतो, कारण तांब्या-भांडं ताटाशेजारीच असतं. मी ते दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगते.

पोट भरल्याची खूणही बदलते. पोट तुडुंब होत नाही. उचकी लागते, शिंक येते नाहीतर नाक गळायला लागतं. एक बाई सांगत होत्या, पुतण्याच्या लग्नात पंगतीत नाक पुसायला लागल्या तर सगळ्यांना वाटलं भावना अनावर झाल्या. त्यांचा तो जिलेबीचा एक घास जास्तीचा होता. त्यानंतरचा घास घेतला की छातीत दगड बसतो आणि तोंडाला फेस येतो, हे एकदाच शिकायला लागतं.

पोळी आणि मोकळा भात बऱ्याच जणांना पहिले काही महिने अडकतो. आमटीत कुस्करलेली भाकरी उतरते. मिसळ खाता येते, सहा महिन्यांनी: उसळ खा, तर्री बेताची, पाव राहू दे. पुरणपोळीचा चतकोर तूप लावून सणाला चालतो. मस्तानी मात्र जपून, विशेषतः बायपासनंतर: एवढी साखर एकदम आतड्यात गेली की धडधड, घाम, जुलाब, आणि अर्धा तास आडवं पडावं लागतं. याला डंपिंग म्हणतात.

११. आम्ही शुद्ध शाकाहारी. प्रथिनं कुठून आणू?

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात आणि पोट वाटीएवढं, म्हणून हिशेब घट्ट ठेवावा लागतो. घट्ट वरणाची वाटी सहा-सात ग्रॅम, पन्नास ग्रॅम पनीर नऊ-दहा, सोयाचे पंचवीस ग्रॅम कोरडे तुकडे तेरा. उरलेलं डब्यातल्या व्हे प्रोटीनच्या (दुधापासूनची प्रथिनांची पावडर) एका मापातून, वीस-पंचवीस ग्रॅम. ‘डबा नको, घरचं काहीतरी सांगा’ असं प्रत्येक आई म्हणते. पहिले तीन महिने डब्याशिवाय जमत नाही. नंतर जमतं.

१२. माझी एकादशी, चतुर्थी आणि नवरात्र असतं. उपास चालतील?

पहिलं वर्ष नाही. अडचण न खाण्याची कमी आणि साबुदाण्याची जास्त: छोट्या पोटाची जागा खिचडीने भरली तर त्यात प्रथिनं जवळपास नाहीत. वर्षानंतर एकादशी करायची तर दूध, दही, पनीर, राजगिरा यांवर करा, पाणी सोडू नका, गोळ्या चालू ठेवा. निर्जळी नाही. मधुमेहाच्या गोळ्या असतील तर आधी फोन करा. सासूबाईंना पटत नसेल तर त्यांनाच भेटीला घेऊन या. माझ्यापेक्षा त्यांच्या देवाची समजूत त्या लवकर घालतात.

१३. मे महिन्यात ऑपरेशन केलं तर आषाढीची वारी चालता येईल का?

हा दरवर्षी येतो. चालणं चांगलंच, पण महिना-दोन महिन्यांत वारी नको. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी तुम्ही घोटाघोटाने कसंबसं पूर्ण करत असता. सुरुवातीच्या काळात परत ॲडमिट व्हायचं मोठं कारण पाणी कमी पडणं हेच. त्यात दिवसभराची चाल, ऊन आणि वाटेत आग्रहाने हातात पडणारा लाडू. पालखी पुण्यातून निघताना पुलगेट ते हडपसर चाला, माउलींना नमस्कार करा, घरी या. पुढच्या वर्षी दिवे घाट.

१४. माझं लग्न ठरतंय. आधी करू की नंतर? मुलाकडच्यांना सांगू का?

लग्नाच्या फोटोसाठी करत असाल तर करू नका. तारीख हॉलच्या बुकिंगवरून ठरली की तपासण्यांत घाई होते, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, नेमके मेंदीच्या वेळी. (ते परत येतात. लोंबलेली कातडी मात्र व्यायामाने पूर्ण जात नाही.)

आजारासाठी करत असाल तर एक गणित लक्षात ठेवा: ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची. वजन उतरलं की पीसीओएस (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास) असलेल्या मुलींची पाळी अचानक नियमित होते आणि ‘मला दिवस राहतच नाहीत’ म्हणणाऱ्यांना राहतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईलच असं नाही, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून दुसरा उपाय ठरवा.

सांगायचं का? ज्याच्याबरोबर रोज जेवणार आहात त्याला सांगावं असं मला वाटतं. बाकीच्या गोतावळ्याला ‘पित्ताचं ऑपरेशन झालं’ एवढं पुरे.

१५. दारू आणि सिगारेट?

सिगारेट आणि तंबाखू आधी काही आठवडे बंद आणि नंतरही बंद, नाहीतर जखम भरत नाही आणि अल्सर होतो. दारू छोट्या पोटातून लवकर चढते आणि रक्तात जास्त वेळ राहते. विशेषतः बायपासनंतर व्यसन लागण्याचा धोका वाढतो. आधीच रोजची सवय असेल तर ती आधी सोडवा.

१६. दुःख झालं की मी रात्री खात सुटते. ऑपरेशनने हे थांबेल?

थांबणार नाही, रूप बदलेल. पोळ्या बसणार नाहीत, पण आइस्क्रीम आणि शेव थोडं थोडं करत रात्रभर आत जातं. मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठेवतात ती तुम्हाला नापास करायला नाही. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर ऑपरेशन नाकारत नाहीत, पण त्या लपवू नका. डोस आणि गोळीचा प्रकार बदलावा लागू शकतो. आधी खाण्यावर उपचार, मग पोटावर, हा क्रम मला पटतो.

१७. वजन परत वाढतं म्हणे?

थोडं वाढतं. तळ साधारण वर्ष-दीड वर्षात गाठला जातो, नंतर काही किलो परत येणं नेहमीचं. बरंच परत आलं तर कारण बहुधा दिवसभराचं चरणं, गोड पेयं किंवा बंद पडलेल्या भेटी. ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांत जर्मनीला किंवा अमेरिकेला नोकरीसाठी निघणार असाल तर तिथे तपासणी कुठे होणार ते ठरल्याशिवाय करू नका, हेही इथेच सांगून ठेवते.

१८. सगळं वाचलं. तरी ठरत नाही.

मग चार आठवडे ऑपरेशन झाल्यासारखं जगून बघा. खाणं पोटभर, कमी करायचं नाही; फक्त रीत बदलायची. लहान वाटी, प्रथिनं आधी, वीस मिनिटं चावून, पाणी ताटापासून लांब. डॉक्टरांना विचारून एक मल्टिव्हिटॅमिन रोज ठरलेल्या वेळी, आणि घेतली की कॅलेंडरवर खूण. रोज अर्धा तास चालणं. एका रविवारी घरच्यांबरोबर बाहेर जेवायला जा आणि तिथेही हेच करा.

चार आठवड्यांनी ते कॅलेंडर घेऊन या. किती खुणा करायच्या राहून गेल्या, कोणत्या दिवशी राहून गेल्या, त्या दिवशी घरी काय चाललं होतं, ते आपण बघू. वजनकाटा त्या दिवशी मी कपाटात ठेवते.